भिंतीपाशी अडकलेले पेंग्विन

प्रिय मारामा,

तू पाठवलेलं खोकं जूनमध्येच पोचलं होतं. उत्तर द्यायला नोव्हेंबर उजाडला. आत सहा छोटे रोबो होते आणि तुझी दोन ओळींची चिठ्ठी: "मिस, तुमच्या वर्गासाठी. कसे चालवायचे ते मुलंच तुम्हाला शिकवतील." मी खोकं तसंच कपाटात ठेवून दिलं. जिला मोबाइलवर गजर लावता येत नाही ती बाई मुलांना काय कोडिंग शिकवणार, असं मी सगळ्यांना हसत सांगत होते.

सप्टेंबरात कहुरंगी डिंक शोधायला कपाटात शिरली आणि खोकं घेऊनच बाहेर आली. तुझ्या वर्गातला रेवी आठवतो ना, त्याची ही सात वर्षांची मुलगी. "मिस, एवढी मजा तुम्ही लपवून ठेवली होती?" असं तिनं भर वर्गात विचारलं. मग काय करणार?

आपल्या किनाऱ्यावर पेंग्विनची पिल्लं तेव्हा नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती, म्हणून तोच धडा घेतला. एका जुन्या चादरीवर आम्ही चौकोन आखले. एका टोकाला समुद्र, मग गोटे, गाड्यांचा रस्ता, कडेला चिप्सचं दुकान आणि एक कुत्रा, मग झुडपं आणि शेवटी बीळ. रोबोंना कागदाचे पंख चिकटवले. दिवसभर मासे पकडून आलेल्या आईनं दिवेलागणीला पिल्लांपर्यंत पोचायचं, एवढंच काम. पण रोबोच्या पाठीवरची बाणांची बटणं सगळी आधीच दाबायची, आणि एकदा ती निघाली की हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सहापैकी चार जणी गाडीखाली गेल्या. शेजारच्या बाकावरचा फिन म्हणाला, "कहुरंगी, तुझी तर चिप्सच्या दुकानात शिरली." ती म्हणाली, "भूक लागली असेल तिला. तुझीसारखी कुत्र्याच्या तोंडात तर नाही ना गेली?" मीही एकदा बाण दाबले आणि माझी पेंग्विन उलटी समुद्रात निघाली. कहुरंगीनं मला धीर दिला. "मिस, घाई करू नका. आधी बोटानं चालून बघा, मग बटण दाबा."

मारामा, निवारा, अन्न, शत्रू हे तीन शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि विसरून जात. या वेळी मात्र प्रश्न थांबेनात. बीळ गवतात का नाही? ती उजेडातच का येत नाही? तिला उशीर झाला तर पिल्लं किती वेळ उपाशी राहतात?

मग भिंतीचं निघालं. एप्रिलमधल्या वादळात लाटा रस्त्यापर्यंत आल्या, म्हणून किनाऱ्यावर कमरेएवढी दगडी भिंत घातली आहे; तिची शेवटची फट त्याच आठवड्यात बुजवली होती. नकाशा खरा हवा म्हणून फिननं चादरीवर लाकडी ठोकळ्यांची रांग मांडली. सगळे रोबो जाऊन तिला थडकले आणि जागच्या जागी चाकं फिरवत राहिले. मुलं लोळून हसली. कहुरंगी हसली नाही. "मिस, खऱ्या पेंग्विनचं काय होत असेल?" तिनं विचारलं.

त्याच संध्याकाळी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन मी किनाऱ्यावर गेले. अंधारू लागताच पेंग्विन पाण्याबाहेर आले, गोटे ओलांडून भिंतीपाशी थांबले. एकानं दोनदा उडी मारून पाहिली. थोड्या वेळानं ते मुकाट्यानं पाण्याकडे परतले. आमच्या पाठीमागे झुडपांत पिल्लं ओरडत होती.

रेवीही आला होता. तो खोदयंत्र चालवतो; ती भिंत त्याच्याच यंत्रानं रचलेली. कहुरंगीनं त्याचा हात धरला. "बाबा, त्यांना वर यायला तू जागाच ठेवली नाहीस." त्यानं दुसऱ्या हातानं भिंतीचा दगड चाचपला. मग म्हणाला, "मला दिलेल्या नकाशात पेंग्विन नव्हते गं."

दुसऱ्या दिवशी चादर, रोबो आणि चार मुलं घेऊन तो नगर कार्यालयात गेला. मुलांनी साहेबांच्या गालिच्यावरच पेंग्विन चालवून दाखवले. साहेब गुडघ्यांवर बसले, स्वतः बाण दाबले आणि भिंतीला थडकले. तीन दिवसांत भिंतीला दोन ठिकाणी वाट पाडून उतरते दगड बसवले. पहिल्या संध्याकाळी अकरा पेंग्विन वर चढले. मुलं तोंडावर हात दाबून मोजत होती. दोन बिळं मात्र तोवर गप्प झाली होती, तेही त्यांना मी सांगितलं.

आता मूळ गोष्ट. गेल्या गुरुवारी एक रोबो सारखा डावीकडे ओढू लागला, तेव्हा कहुरंगीनं तो उघडला. टेबलावर स्क्रू पसरलेले दिसले आणि माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं. तू वर्गातलं घड्याळ खोललं होतंस, त्या दिवशी शाळेच्या दारात मी ते तुझ्या आईला ऐकवलं होतं: "हिचे हात फक्त मोडायला शिकलेत. हिच्या शिक्षणाची फार आशा धरू नका." तू दाराआड उभी होतीस. फटीतून तुझे बूट मला दिसले होते. सत्तावीस वर्षं मी मनाला समजावत आले की तुला ऐकू गेलं नसेल. खोकं वर्गात न्यायची भीती वाटली ती यामुळे. यंत्राचं नुसतं निमित्त होतं. गुरुवारी ते वाक्य गिळलं, कहुरंगीच्या शेजारी बसले आणि काय सापडलं ते विचारलं. चाकात केस गुंतला होता. तिनं तो ओढून काढला आणि रोबो सरळ चालू लागला. मारामा, तेव्हा मी चुकले. तुझ्या आईला आता सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. आणि एवढं ऐकूनही तू ते खोकं याच शाळेत पाठवलंस, त्याबद्दल तुझे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. डिसेंबरात मी निवृत्त होते आहे. निरोपाला कुणाला बोलावू, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी एकच नाव दिलं. येशील का? आलीस तर हेच सगळं मी त्या दारात उभी राहून, सगळ्या मुलांदेखत, मोठ्यानं सांगेन.

तुझीच, खूप उशिरा शिकलेली,
आयलीन मिस