सांध्याखालची सही

अल खफजी
रविवार, २० एप्रिल २०२५

श्री. उदयराव यांस,

शशिकांतचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. मधुमती आणि रुचिरा खुशाल असतील. रुचिराचं दहावीचं वर्ष सुरू झालं, तिची पुस्तकं सगळी मिळाली का, तेवढं कळवा. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे. विसरलो असं समजू नका.

तुमचा निरोप झयानने पोचवला. तो बिचारा तुमच्या कतीफहून भाजीची गाडी घेऊन येणारा माणूस, त्याचा यात काय संबंध? मान खाली घालून म्हणाला, "उदयभाई बोले, दादा को बोलो, जो हुआ सो खलास. बात मत बढ़ाओ." खलास! इथला दुकानदार पिशवीला गाठ मारताना म्हणतो तो शब्द. तुम्ही तो माझ्या नोकरीला लावलात. माझा फोन कंपनीने काढून घेतला आहे, म्हणून हा कागद. एका परीने बरंच झालं. व्हॉट्सॲपवर तुम्ही जोडलेले दोन हात पाठवून मोकळे झाला असता.

आधी काय घडलं ते नीट सांगतो, कारण तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावूनच गेलं असणार. मंगळवारी कॅम्पमध्ये खोल्यांची तपासणी झाली. माझं गुलाबपाण्याचं भांडं कपाटावर होतं, सगळ्यांना दिसेल असं. लपवण्यासारखं मी काही केलेलंच नव्हतं. आमचे सुरक्षा अधिकारी अबू फहद यांनी विचारलं, हे काय? आणि मी छाती पुढे काढून सांगितलं, "अर्क. गुलाबाचा अर्क."

आपल्याकडे अर्क म्हटलं की ओवा आठवतो, पोटदुखी आठवते. अरबीत अरक म्हणजे दारू. अर्धं आयुष्य सौदीत काढून मला एवढं कळू नये? त्यांच्याबरोबरचे दोघे दार अडवायला सरकले.

पण अबू फहद समजूतदार माणूस. मी शेजारची गुलाबपाण्याची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली, त्यांच्याच भाषेत "मावर्द, मावर्द" म्हणालो, तेव्हा हसले. त्यांची आई तायफची, गुलाबांच्या गावची. गुलाबपाण्याचं भांडं त्यांनी लहानपणी घरात पाहिलेलं. कसं बनवलंस, विचारू लागले. मला असं कुणी विचारलं की काय होतं ते तुम्ही जाणता. चांगलंच जाणता.

मी सांगितलं, कॅन वीस लिटरचा, पण पाणी बाराच्या वर जाऊ देत नाही, उकळीला चढायला जागा लागते. तळापासून चार बोटं वर भोकांची जाळी, म्हणजे पाकळ्या करपत नाहीत. वाफेची नळी पाऊण इंची. त्याहून बारीक घेतली आणि एखादी पाकळी अडकली, तर भांड्याचा बॉम्ब होतो. थंड करायच्या वेटोळ्याची लांबी इंटरनेटवर देतात ती थंड देशातल्या लोकांची, त्यांच्या नळाला बर्फासारखं पाणी. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून जूनमध्ये येतं त्यात चहापत्ती टाकावी. म्हणून मी आधी शेगडीची आच ठरवली, तासाला किती पाणी उडतं ते मोजलं, आणि त्या हिशोबाने तांब्याची नळी कापली. लोक भांडं बघून वेटोळं घेतात, तिथेच फसतात. आच बघून घ्यावं. आणि झाकणाला कणकेचा लेप. वाफ कोंडलीच तर कणीक आधी सुटते, माणूस वाचतो. मला हे कुणी शिकवलेलं नाही. दोन शेगड्या आणि तीन वेटोळी वाया घालवून शिकलो आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग झाकण उघडलं. तिथून पुढे ते हसले नाहीत.

ऑफिसने दोन रस्ते ठेवले. पोलिसांत जा, किंवा गुपचूप कागदावर सही करून फायनल एक्झिट घे, म्हणजे हा देश कायमचा सोड. कागदावर लिहिलं होतं की हे यंत्र मी बनवलं आणि मीच वापरलं. मी त्यांना म्हणालो, हे यंत्र फुलांसाठी आहे, त्याचं एकेक माप तसं बोलतं. त्यावर तिथला कारकून, ज्याला इंच आणि सेंटिमीटर यातला फरक सांगावा लागतो, तो म्हणतो, "माप आम्हाला नको, वास पुरे आहे."

वास. आता लिहितोच.

ईदच्या सुट्टीत भांडं तुम्ही नेलंत. मधुमतीला जाईच्या फुलांचं पाणी करून द्यायचं आहे, तिला आधी सांगू नका, म्हणालात. मला बरं वाटलं. त्या आठवड्यात तुमचा फोनही आला. दादा, नळी लांब केली तर चालेल का? आच किती ठेवायची? झाकण घट्ट कसं बसवायचं? लग्न झाल्यापासून तुम्ही मला कधी काही विचारलं नव्हतंत. मी तासभर बोललो. फोन ठेवल्यावर तुमच्या अहिल्यावहिनीला भारतात फोन करून सांगितलं की उदयरावांना या कामात गोडी लागली आहे. ती म्हणाली, जपून. मी तिच्यावरच चिडलो.

तपासणीच्या आदल्या दिवशी झयानने भांडं चादरीत बांधून आणून दिलं. तुम्ही धुऊनच दिलं असणार असं धरून मी ते तसंच वर ठेवलं. अबू फहदनी झाकण काढलं तेव्हा मीही पहिल्यांदाच आत पाहिलं. जाळी गायब. झाकणाला रबराची रिंग, म्हणजे वास बाहेर जायला नको, मग वाफ कोंडून माणूस मेला तरी चालेल. तळाला आंबलेल्या खजुराचा चोथा. आणि आतच कोंबलेल्या माझ्या वेटोळ्याला पुढे जोडलेली गाडीच्या रेडिएटरची नळी, तुमच्या स्पेअर पार्टच्या दुकानातली. सांधा शिशाच्या सोल्डरचा, त्याचे ओघळसुद्धा पुसलेले नाहीत.

दारू केलीत याचा राग एका बाजूला ठेवतो. शिसं, उदयराव! माझ्या घरातल्या भांड्यातून शिसं! कुणाकुणाला पाजलंत? त्यांना सांगा, रक्त तपासून घ्या. कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला ते जमतं. तुम्ही स्वतःही तपासून घ्या.

अबू फहद बराच वेळ तो सांधा हातात धरून बसले होते. आमच्या वर्कशॉपमधल्या माझ्या कामावर ते रोज हात फिरवतात. इतरांना बाहेर काढून मला म्हणाले, "शशी, ये तेरा हाथ नहीं है. किसका है?"

एक नाव सांगायचं होतं. मी पुढच्या सोमवारी पुन्हा माझ्या लेथवर असतो.

पण तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, मधुमतीच्या हॉस्पिटलच्या नोकरीवर आहे. तुमच्या दाराशी पोलिस आले असते तर तिचं क्वार्टर गेलं असतं, नोकरी गेली असती, आणि रुचिराची दहावी रस्त्यावर आली असती. तुमच्यासाठी मी तोंड मिटलं असा गैरसमज करून घेऊ नका. तुमच्यासाठी मी कणकेचा लेपसुद्धा लावला नसता.

मी म्हणालो, "मेरा ही है."

त्यांना पटलं नाही, हे मला दिसत होतं. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. कागदाला त्या सांध्याचा फोटो जोडलेला आहे, चांगला मोठा, ओघळांसकट, आणि त्याच्याखाली माझी सही. या गावातल्या एकाही पाइपवर माझ्या हातचा ओघळ दाखवा. त्या ऑफिसच्या फायलीत मात्र माझं काम म्हणून आता तेवढंच राहील. वर तुम्ही सांगता, बात मत बढ़ाओ.

गुरुवारी दुपारी दम्मामहून विमान आहे. मधुमती विमानतळावर येईल, तुम्ही नको म्हणालात तरी येईल. त्याआधी तिला तुम्ही स्वतः सांगायचं आहे, सगळं, रबराच्या रिंगेपासून. मी चुगली करणार नाही. जावयाचा मान ठेवायची आमच्या घरची रीत आहे, आणि ती मी शेवटपर्यंत पाळीन. तिचा चेहरा पाहून मला कळेल तुम्ही सांगितलंत की नाही.

नसेल सांगितलं, तर मी तिला एकच विचारीन. जाईचं पाणी कसं झालं होतं ग?

मधुमतीचा भाऊ,
शशिकांत