लावीत असत

९ जानेवारी १९७९
गडावर लावायच्या माहितीच्या बोर्डाचा मजकूर ऑफिसातल्या साहेबांकडून परत आला. (यापुढे नुसतं सा. पूर्ण लिहून शाई कोण घालवणार!) माझं वाक्य होतं : "दरवाजातल्या कोनाड्यात रोज तिन्हीसांजेला दिवा लावतात. हा मान पायथ्याच्या सोनाबाई कांबळे यांच्या घराकडे आहे." त्यावर लाल रेघ. वर त्यांच्या वळणदार अक्षरात, "कोनाड्यात पूर्वी दिवा लावीत असत."
असत! अहो, परवा मी तिथं उभी होते. सोनाबाईंनी माझ्यासमोर वात लावली. तेल सांडलं ते माझ्या चपलेवर.

१० जाने.
सा.ना विचारलं. "बोर्ड इतिहासाचा असतो बाई, गावगप्पांचा नव्हे." मग त्यांच्या पोटातलं ओठावर आलं. दरवाजाला लोखंडी जाळी बसणार, पाचला कुलूप. धुरानं नक्षी काळी पडते म्हणे. प्रथा बंद झाली असं बोर्डावरच असलं की कुणी भांडायला येणार नाही.
म्हणजे आधी व्याकरणात मारायचं, मग कुलूप घालायचं. डोकं नुसतं सणकलं. डबा तसाच घरी आणला.

१७ जाने.
गगनबावड्याच्या एस.टी.नं गडाखालच्या गावात. चावडीत बैठक. वाटलं, गाव तरी पाठीशी राहील. कसलं काय! पाटील म्हणाले, "दिवा गावाचा हाय. गावाचं नाव घाला की. एकट्या त्येंचंच कशापायी?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, तेल गाव घालतं का? "तसं न्हवं बाई..." तसं नव्हे तर कसं, ते सांगेनात. कळलं मला. आडनाव आडवं आलं. स्वतःचं असतं तर ठळक अक्षरात मागितलं असतं.
गडावरच्या पिराची सेवा करणारे बाबालालभाई तेवढे बोलले. "सोनाकाकूचा दिवा लागल्याबिगर आमच्या उरसाचा संदल दरवाजा चढत न्हाय. आज्ज्यापास्नं हाय ह्ये. त्येबी लिवा." अख्खी मिरवणूक त्या एका वातीसाठी थांबते, आणि आमच्या बोर्डावर असत!
सोनाबाई चावडीच्या पायरीखाली. वर या म्हटलं, आल्या नाहीत. जागा द्यायला कुणी हललंही नाही. मीच खाली जाऊन शेजारी बसले. सा.चं वाक्य वाचून दाखवलं.
"असत म्हंजे? मी मेलो व्हय वो बाई?"
मग सगळ्या चावडीला ऐकू जाईल असा आवाज. "सासूनं लावला, आता मी लावतो. माझं नाव लिवा. कुलूप घातलं तर दगडानं फोडतो, सांगा तुमच्या सायबाला."
बरं वाटलं ऐकून. फार बरं वाटलं.

१९ जाने.
नवा मजकूर दिला. "लावतात", नाव, संदल, सगळं. सा.नी न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. "तुमची नेमणूक हंगामी आहे, लक्षात आहे ना?" आहे. विसरू देता कुठं.

४ फेब्रु.
बोर्ड रंगून आला. पिवळ्यावर काळं. "लावीत असत." ऱ्हस्व-दीर्घ मात्र चोख, मेल्यांचं.

५ फेब्रु.
बोर्डाचं उद्घाटन. पाहुणे मुंबईचे, हार गुडघ्यापर्यंत. जाळी बसलेली. पाहुणे म्हणाले, "बाई, मंडळींना वाचून दाखवा." पुढं सा., मागं गाव, सगळ्यात मागं सोनाबाई, पदराखाली दिवा.
बोर्डावर होतं तसं वाचत गेले. त्या ओळीपाशी आले आणि तोंडातून निघालं, "दिवा लावतात. हा मान सोनाबाई कांबळे यांच्या घराकडे आहे. तो लागल्याशिवाय पिराचा संदल दरवाजा चढत नाही." न अडखळता, बोर्डाकडेच बघत. पाटील पुटपुटले, "बोर्डावर येगळंच हाय की..." बाबालालभाईंनी दटावलं, "गप ऱ्हावा पाटील, बाई वाचत्यात न्हवं?" टाळ्या! सा.चं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.
संध्याकाळी रखवालदारानं कुलूप घातलंच नाही. "बोर्डावर हाय की वो. पावण्यांम्होरं वाचलं." दिवा लागला.
उतरताना सोनाबाईंनी माझा हात धरला. "आता कोन न्हाय म्हनंल बाई? लिवलंय." त्यांना वाचता येत नाही. खरं न सांगताच मी स्टँड गाठला. एस.टी.त सबंध वाट सा.ना, पाटलांना आणि स्वतःला शिव्या घातल्या.

६ फेब्रु.
मेमो. "वाचनात केलेल्या चुकीचा लेखी खुलासा शनिवारपर्यंत द्यावा." चूक म्हणे! कुणाची?
"माझी चूक झाली" लिहून सही केली की नोकरी शाबूत. मग तोच कागद रखवालदाराला दाखवून कुलूप घालतील. नाही लिहिलं तर मला घरी बसवतील, आणि कुलूप तरीही घालतीलच कदाचित. सा. म्हणाले, "एक ओळ लिहा, मिटवून टाकू." एकच ओळ.
कागद घेऊन बसले आहे. डोळ्यांसमोर सोनाबाई येतात. "तुमीच वाचलासा न्हवं बाई?"