चौकीदाराचा निकाल

४ मार्च, सोमवार

एकाच वाक्याला सव्वा पान! या न्यायमूर्तींना पूर्णविरामाचं वावडं असावं. 'तथापि', 'वगळता', 'उपरोक्त' करत करत शेवटी क्रियापद सापडलं, तोवर कर्ता कोण होता हे मी विसरले होते. उद्यापर्यंत अशा चार केसचं ब्रीफ करायचंय. हकिकत, मुद्दा, निकाल, कारणं – सगळं एका पानात. माणसाचं अख्खं वाटोळं झालेलं असतं आणि 'हकिकत'खाली त्याला चार ओळी मिळतात.

५ मार्च

आमच्या सरांचं नाव वर्गाने 'म्हणजेच' ठेवलंय, कारण त्याशिवाय त्यांचं एकही वाक्य सुरू होत नाही. आज माझं ब्रीफ त्यांनी लाल पेनने धुऊन काढलं. हकिकत फार झाली म्हणे. एका केसमधल्या, नोकरीवरून काढलेल्या बाईला मुलं किती, ती रात्री कुठे झोपली, याच्याशी कायद्याला काय करायचंय? "म्हणजेच, तिने ते केलं की नाही हा आपला प्रश्नच नाही. तिला काढताना रीत पाळली का, एवढंच बघा."

खोडलं सगळं. ब्रीफ कसं सुटसुटीत झालं! बाई गेली, मुद्दा राहिला.

७ मार्च

ताईला दवाखान्यातल्या नोकरीवरून काढलं. औषधांचं कपाट तिच्या ताब्यात असतं, त्यातली पाकिटं कमी भरली. डॉक्टरांनी काही विचारलं नाही, राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. मंगळवारपर्यंत सही कर, पोलिसांत जाणार नाही.

बाबा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, सही करून टाक. आई रडली, मग तिने भांडी घासली, मग पुन्हा रडली. ताई ताटाकडे बघत बसून होती. आणि मी – लाज वाटते लिहायला – मनातून खूश! घरात चक्क एक जिवंत केस!

८ मार्च

शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला एक सीनियर आहे. आम्ही त्याला 'वकीलसाहेब' म्हणतो. सनद नाही, पण काळा कोट कँटीनमध्येसुद्धा अंगावर. त्याने गुरुमंत्र दिला – निकाल मागून वाचायचा, पुढची पानं म्हणजे नुसतं गुऱ्हाळ.

मागून वाचायला लागले आणि घबाडच हाती लागलं. एका गोदामातून कापडाचे गठ्ठे गेले, मालकाने चौकीदाराला एका शब्दाने न विचारता हाकललं. शेवटची सात पानं तर काय सांगू! छोटी छोटी वाक्यं, एकही 'तथापि' नाही. 'ज्याला विचारलंच नाही, त्याला चोर म्हणायचा हक्क कुणालाही नाही.' वाचनालयात डोळे पुसावे लागले. ताईचंच प्रकरण आहे हे.

९ मार्च

घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. हाच माणूस माझ्या कॉलेजची फी भरतो! ताईने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. हे नक्की ना, म्हणाली. मी म्हणाले, वरच्या कोर्टाने लिहिलंय, आणखी काय ब्रह्मदेवाने लिहायला हवं?

१२ मार्च

नाही केली सही! ताईने डॉक्टरांपुढे कागद पालथा ठेवला आणि चौकीदाराचं वाक्य तोंडपाठ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी पोलिसांत तक्रार देतो. ताईने घरी येऊन हे सांगितलं. मी म्हणाले, देऊ दे. बघू की.

१३ मार्च

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कुणी स्वतःहून एखादी केस वाचलीय का, असं 'म्हणजेच'नी विचारलं आणि मी हात वर केला. कुणी सांगितलं होतं? उभी राहून सगळं घडाघडा बोलले.

"म्हणजेच, चौकीदाराला नोकरी परत मिळाली?"

"हो सर."

"न्यायाधीश किती होते?"

बघितलंच नव्हतं. तीन होते. दोघांनी चौकीदाराला घरी पाठवलं, त्या सव्वा पानी वाक्यांमध्ये. तिसऱ्याला ते पटलं नाही, म्हणून त्याने आपलं मत वेगळं लिहिलं. ते शेवटी छापतात. माझी सात पानं ती. कायदा दोघांचा, तिसऱ्याच्या वाट्याला नुसती छान भाषा. वर्ग इतका हसला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

वकीलसाहेबाला गाठलं. म्हणतो, अगं, मागून म्हणजे इतकं मागून नाही.

हसू दे वर्गाला. पण ताई माझ्या जिवावर सही न करता आली आणि परवा शुक्रवार आहे. उंटावरची शहाणी मी, आता खाली कशी उतरू?

१४ मार्च

सांगितलं. ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, चुकलं माझं, उद्या सकाळी जाऊन सही करून ये. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी पुरी केली.

मग म्हणाली, "तिघांतल्या एकाला तरी वाटलं ना, त्याला विचारायला हवं होतं म्हणून. घरात तुम्हीही तिघंच. बाबा सही कर म्हणाले, आई रडली, तू पानं वाचून दाखवलीस. पाकिटं मी घेतली का, हे कुणी विचारलं?"

आणि मी काय म्हणावं? कायद्याच्या दृष्टीने तो मुद्दाच नाही! जीभ कशी झडली नाही माझी. ताई कपडे उचलून आत गेली. मागोमाग जाऊन विचारायचं धैर्य झालं नाही. उत्तराची भीती वाटली, दुसरं काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी विचारलं.

"घेतली," ताई म्हणाली. "बाबांच्या गोळ्या विकत घेणं झेपत नव्हतं. स्टाफला स्वस्त मिळतात असं सांगून आणत होते." चपला घालताना म्हणाली, सही करायला नाही, डॉक्टरांना हे सांगायला चाललेय.

नाश्ता झाल्यावर बाबांनी गोळी मागितली. मीच दिली.