मनस्वीचे हात

प्रिय तेजू,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन कानाला लागला की माझा आवाज सभेतला होतो आणि तू “बरं बाबा, ठेवते” म्हणतेस. कागदावर तरी मी हळू बोलेन. इकडे सगळं ठीक आहे. कलमांना मोहर बरा आलाय, आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तू कोल्हापूरला गेल्यापासून घरात माझ्याशी वाद घालायला कुणी नाही, म्हणून आई सुखात आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या तुमच्या दहावीच्या निरोप समारंभाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज बोलतो. शाळेने फोटो काढायचं काम माझ्यावर सोपवलं होतं, कारण मोर्च्यांचे फोटो काढायला घेतलेला कॅमेरा माझ्याकडे होता. सकाळी तू परसात येऊन म्हणालीस, “बाबा, मनस्वीचे फोटो कमरेच्या वरच काढा. तिचे हात नकोत.” मी कारण विचारलं. तू सांगायला तयार नव्हतीस, मीच खोदून काढलं. तिची आई गोदा बंदरावर कोळंबी सोलते, मनस्वीही पहाटे चारपासून तिच्यासोबत बसते, बर्फाने आणि सालांनी बोटं फाटतात, आमसुलाने कितीही घासली तरी वास जात नाही. वर्गात हे फक्त तुला ठाऊक होतं. “कुणाला बोलायचं नाही हं,” तू म्हणालीस. मी शब्द दिला.

तुम्ही सगळ्या आयांच्या साड्या नेसून, शेवाळलेल्या कातळावरून चालावं तशा जपून चालत होतात. थर्माकोलच्या कमानीखाली एकेकीला उभं करून मी फोटो काढत होतो. मनस्वी आली आणि तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले. मी कमरेच्या वरचाच फोटो काढला, तुझं ऐकलं. पण ते गुंडाळलेले हात डोळ्यांसमोरून हलेनात. तिचा राग नव्हता आला. ज्या जगात राबणाऱ्या हातांना लपावं लागतं, त्या जगाचा आला होता. तीस वर्षं मी दुसरं काय बोललोय?

मग मुख्याध्यापकांनी माईक पुढे केला. दोनच शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्दांवर कधी थांबलो होतो? मी मनस्वीला व्यासपीठावर बोलावलं, तिचं मनगट धरून हात वर केला आणि म्हणालो, “हे हात बघा.” चार वाजताचं उठणं, कोळंबी, बर्फ, आमसूल, सगळं सांगितलं. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. त्या पोरीने मान वर केली ती एकदाच, आणि माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघितलं. मग ती मागच्या पायऱ्यांनी उतरून गेली.

वर्गाच्या फोटोत तू दुसऱ्या रांगेत आहेस, शेजारी एका माणसाची जागा रिकामी. मी कॅमेऱ्यामागून सारखा म्हणत होतो, जवळ सरका, जवळ सरका. तू सरकली नाहीस. घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, “भाषण चांगलं झालं, बाबा.” मी मूर्ख, रात्रीच्या जेवणापर्यंत ते कौतुक समजत होतो. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या तुम्ही दोघी, पुन्हा एकमेकींशी बोलल्याचं मी पाहिलं नाही.

याहून वाईट ऐक. ती गोष्ट मी त्यानंतर गावोगाव सांगत आलो. नाव घेत नव्हतो, पण सांगत होतो, आणि दर वेळी टाळ्या घेत होतो. गेल्या रविवारी मालगुंडला सभा होती. नर्सिंगच्या मुलींना बसने आणून बसवलं होतं. मी “हे हात बघा” इथवर आलो आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आपले हात सावकाश ओढणीखाली घेतले. मनस्वी होती. मला पुढचं वाक्य सापडलं नाही. अध्यक्षांना वाटलं, मला चक्कर आली. मी खाली उतरलो.

बसपाशी तिला गाठलं आणि सांगितलं की तेजूने तुझे हात फोटोत येऊ नयेत म्हणूनच मला सांगितलं होतं, माझ्याकडून शब्द घेतला होता, तो मी मोडला. ती म्हणाली, “मला वाटलं, तिने घरी गंमत म्हणून सांगितलं असेल.” आणि थोड्या वेळाने, “काका, कोळंबी सोलायची लाज नव्हती हो. एक दिवस नुसतं साडी नेसून मिरवायचं होतं, बाकीच्यांसारखं. आई अजून म्हणते, माझी पोर काय त्यांच्या सभेतला मुद्दा हाय?” घरात एवढी पुस्तकं आहेत, तेजू. मला हे कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

बस सुटताना तिने तुझा नंबर मागितला. मी खिशातून फोन काढला, आणि परत ठेवला. म्हटलं, आधी तेजूला विचारतो. त्यासाठीच हे पत्र. तुझा नंबर मनस्वीला देऊ का? हो की नको, एवढंच कळव. नको असेल, तर तिला तसं मीच जाऊन सांगेन.

तुझाच,
बाबा