वाइंडिंगची तार

बाई, काल माझा बी.एड.चा शेवटचा पाठ झाला, परीक्षकांसमोरचा. विषय तुमचाच होता, विद्युत परिपथ. घंटा झाली तेव्हा एक गट सोडून बाकी सगळ्यांचे बल्ब पेटलेले होते. त्या एका गटाबद्दल माझ्या मार्गदर्शक सरांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी कॉरिडॉरमध्ये म्हणून घेतलं. मला जे म्हणायचं आहे ते त्यांना सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्हाला माझं पुढचं काहीच माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नाचणगावच्या शाळेतल्या आमच्या वर्गाचा मोबाईलवर ग्रुप होता, त्यावर बातमी आली, खाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, मीही टाकलं आणि प्रॅक्टिकलला गेले. पुढे पुण्यात एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम केलं. बिघाड कुठे आहे ते शोधायचं, लिहायचं, बोर्ड पुढे पाठवायचा. काम मला चांगलं येत होतं. मग नोकरी सोडून वर्ध्याला बी.एड.ला आले. आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "पुण्याची नोकरी सोडून पोरायले शिकवाले चालली? काऊन, साहेबानं हाकललं का?" मी नाही म्हटलं, पण का सोडली ते सांगितलं नाही. कारण मलाही नीट सांगता आलं नसतं.

सरावासाठी मिळालेली शाळा पवनारच्या पुढे आहे. बरीच मुलं भाजीवाल्यांच्या घरची. सकाळी काहींच्या दप्तराला सांबाराचा, कोथिंबिरीचा वास येतो, कारण दप्तर आणि जुड्या एकाच गाडीवरून आलेल्या असतात. शाळेला भिंतीवरचं मोठं टच पॅनल मिळालेलं आहे आणि ते चालवणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे मी आल्यावर मुख्याध्यापकांना बरं वाटलं. पहिल्या महिन्यात मी त्यावर परिपथाचा पाठ घेतला. मुलं एकेक करून पुढे येतात, बोटानं तार ओढतात, सेलला लावतात, बल्बला लावतात, बल्ब पिवळा होतो, टाळ्या. नंतरच्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. मार्गदर्शक सर म्हणाले, "बघा मॅडम, याला म्हणतात अध्ययन निष्पत्ती." मलाही तसंच वाटलं. मला पॅनलबद्दल तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. तारेतून काय वाहतं ते डोळ्यांना दिसत नाही, पॅनलवर ते दाखवता येतं. तुम्ही त्यासाठी आम्हाला दोरी धरून गोल उभं करायचात आणि निम्मी पोरं दोरी ओढून दुसऱ्यांना पाडायची.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी आली. शिडशिडीत, केसांना घट्ट रिबिनी, वर्गात कधी न बोलणारी. तिच्या हातात टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि तांब्याची लखलखीत तार होती. म्हणाली, "मॅडम, पॅनलवर पेटते. घरी काऊन नाई पेटून राह्यला?"

मी तार पाहिली आणि मला कळलं. तिच्या घराशेजारी मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या पंपांच्या मोटारी तिथे नवी तार भरायला येतात, तिथलाच तुकडा तिनं आणला होता. ती तार उघडी दिसते, पण उघडी नसते. तिच्यावर वीज अडवणारा वार्निशचा पारदर्शक थर असतो. पॅनलवरची तार म्हणजे नुसती रेघ, तिला वार्निश नसतं. मी नेलकटरनं दोन्ही टोकं खरवडली, जोडली, बल्ब पेटला. एवढ्या झटपट केलं की मी काय केलं ते तिला दिसलंही नसेल. ती फक्त "हं" म्हणाली. व्हरांड्यात मैत्रिणीनं विचारलं, "पेटला का वं?" तर ती म्हणाली, "पेटला. मॅडमनं पेटवला."

बाई, त्या दोन शब्दांनी मला तुमच्या वर्गात नेऊन बसवलं.

सातवीचा वर्ग आहे. तुम्ही पिशवीतून तार काढून वाटता आहात, तीच, वाइंडिंगची. कुणाचाच बल्ब पेटत नाही. तुम्ही टेबलामागे जाऊन खुर्चीवर बसता आणि खिडकीबाहेर बघता. आमच्या बाकांवरून तुमचे खांदे आणि डोकं तेवढं दिसतं. तुम्हाला कसलीच घाई नाही, जणू बसची वाट बघता आहात आणि बस येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी तार कशी कोण जाणे बाकाच्या खिळ्यावर घासली जाते आणि माझा बल्ब पेटतो. मग मी उठते. शेजारणीची तार घेते, घासते, पेटवून देते. पुढच्या बाकावर जाते. तिसऱ्या बाकाशी तुमचा आवाज येतो. एरवी पुस्तकातलं मराठी बोलणाऱ्या तुम्ही रागावलात की गावच्या होत होतात. "तुले आलं ना? मंग आता दुसऱ्यालेही येऊ दे. जागेवर बस. हात मांडीखाली घाल. दोन्ही."

उरलेला सगळा तास मी हातांवर बसून होते. माझ्या समोर एक मुलगी बल्ब उलटासुलटा करत होती आणि मला बोलायचीही परवानगी नव्हती. मी बरोबर होते आणि शिक्षा मला झाली, असा हिशेब मी घरी नेला. पुढे कितीतरी दिवस मी तुमच्या प्रश्नाला हात वर केला नाही. तुम्हीही मला विचारलं नाही.

शेवटच्या पाठासाठी मी तोच विषय पुन्हा मागून घेतला आणि क्रम उलटा केला. आधी खरी तार, पॅनल नंतर. पाठाचं टाचण बघून सर म्हणाले, "आधी पॅनलवर दाखवा, मग कृती. आणि ही तार कशाला? प्लास्टिकची वायर आणा, सोलून आणा. परीक्षकांसमोर रिस्क कशाला घेता? तासिकेत पेटला नाही, तर पाठ परत द्यावा लागेल. म्हणजे पुढची बॅच."

पुढची बॅच म्हणजे वर्ष गेलं. मी म्हटलं, "सर, जोखीम माझ्या नावावर जाऊ द्या." ते म्हणाले, "नावावरच जाते मॅडम, दुसऱ्या कोणाच्या जाणार?"

काल परीक्षक मागे भिंतीशी खुर्चीवर बसले. सर त्यांच्या शेजारी. मी तार, बल्ब, सेल वाटले आणि एकच वाक्य सांगितलं की, बल्ब पेटवायचा आहे. कुणाचाच पेटला नाही. मग वर्ग उसळला.

"तुहा सेल मेला असन."

"नवा आहे बाप्पा, कालच आणला!"

"उलटा लावला असन मंग. मोठा आला इंजिनियर."

तेव्हा मी पॅनल सुरू केलं. ज्याचा जो तर्क, त्यानं तो तिथे करून बघायचा. एकानं सेल उलटा केला, बल्ब तरीही पेटला. म्हणजे तो तर्क बाद. दुसऱ्यानं सेल जुना केला, बल्ब मंद झाला पण विझला नाही. तोही बाद. एकीनं तार थोडीशी बाजूला सरकवली आणि सगळंच बंद पडलं. म्हणजे बिघाड तार टेकते तिथे. पॅनलकडून मला एवढंच हवं होतं, आणि ते त्यानं चोख दिलं. मुलं आपापल्या बाकांवर परतली. मी शेवटच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

बराच वेळ काही झालं नाही. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तार माझ्यापासून हातभर अंतरावर होती. खिशात नेलकटर होता. मग पुढून एकदम ओरडा आला, "झपकला! आत्ता झपकला!" "हलवू नको ना बे!" "मी नाई हलवलं, तूच हलवलं!" रिबिनीवाल्या मुलीचा गट होता. तार जिथे दुमडून तिचा थर उडाला होता, तिथे क्षणभर टेकली होती. तिनं ती दुमड डोळ्यांजवळ नेली, नखानं खरडली, मग कंपासपेटीतून डिव्हायडर काढून टोक घासत बसली. बल्ब पेटला. सगळे ओरडत होते, ती मात्र वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमी त्या दिवशी हेच केलतं ना?"

मी हो म्हटलं. ती लगेच डिव्हायडर घेऊन शेजारच्या गटाकडे निघाली. मी तिला थांबवलं. माझ्या तोंडून तुमचेच शब्द आले, तुमच्याच बोलीत. ती जागेवर बसली, हात मांडीखाली घातले आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते मी आतून ओळखते. ती आता काही दिवस माझ्याशी बोलणार नाही. चालेल.

एकेका गटाचा बल्ब पेटत गेला. एक राहिला आणि घंटा झाली. परीक्षकांनी विचारलं, "तुम्हाला बिघाड माहीत होता ना? मग शेवटी सांगून टाकायचं." मी म्हटलं, "उद्या पेटेल त्यांचा." सर म्हणाले, "उद्या परीक्षक नसतील." मी म्हटलं, "नसू देत." परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. काय ते निकालात कळेल. पाठ परत द्यायला लागला तर मी हाच देईन, ह्याच तारेवर. यापुढे माझ्या प्रत्येक पाठात कुठेतरी एक खरा बिघाड असेल आणि पॅनल तो शोधायला असेल, झाकायला नाही. पुण्याची नोकरी का सोडली याचं उत्तर आत्याला देता येईल इतकं अजून तयार नाही, पण या बाजूला कुठेतरी आहे.

आज मधल्या सुट्टीत मी शिक्षक खोलीत डबा खात होते. वर्गातून आरडाओरडा ऐकू आला. त्या राहिलेल्या गटाचा बल्ब पेटला होता. मला कुणी बोलवायला आलं नाही.

लॅपटॉप विचारतो आहे, ही फाइल ठेवायची का. नाव न देता ठेवते. पाठवायची तर नाहीच. एक मात्र कबूल करते. काल त्या शेवटच्या बाकावर माझे दोन्ही हात मांड्यांखाली होते, अगदी पहिला बल्ब झपकेपर्यंत. परीक्षकांनी पाठीमागून हळूच विचारलं, थंडी वाजते का. नाही म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा मला तुमचं ते टेबल आठवलं, आणि त्याच्यामागे न दिसणारे तुमचे हात. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला घाई नव्हती.