डाव्या हातावरचा किसन

दिवाळी, पहिली आंघोळ, १९७८
मागच्या वर्षी माझा भाऊ किसन गेला, म्हणून सण नव्हता. यंदा आईने पाट मांडला. मला तेल-उटणं लावून झालं, मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस. त्याचं ऱ्हायलंय." डावा हात ओढून घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडीचं ठिगळ तेवढंच पुन्हा चोळलं. लहानपणी तो न्हाणीतून पळायचा, म्हणून त्याला जरा जास्तच रगडायची, तसंच. रक्त आलं.

१९ नोव्हें.
सेकंड शिफ्ट. भट्टीपुढे सगळं अंग निथळतं, ठिगळ मात्र कोरडं ठाक. त्याला घाम येतच नाही. किसनच्या मांडीचं कातडं, ऊन न पाहिलेलं. नवी पोरं विचारतात, हे पांढरं कसलं? कोड नाही एवढंच सांगतो. पुढचं कोण सांगत बसणार! तेलाच्या टाकीने पेट घेतला, मी छातीपर्यंत भाजलो, माझ्या अंगावर काढण्याजोगं कातडं उरलं नाही. डॉक्टरांनी किसनकडे पाहिलं. "एकसारखे जुळे? मग तुमचं चालेल. दुसऱ्याचं कातडं शरीर ठेवून घेत नाही." बाकी ठिकाणी ते मिसळून गेलं, हातावर वेगळं दिसतं. किसन हसला होता तेव्हा. "बबन्या, आता जेवताना माझा हात धुऊन बसत जा."

७ जाने. १९७९
दिवाळीची जखम मिटत नाही. ठिगळाच्या कडेलाच आहे. खपली धरते, निघते, पुन्हा ओली. बाही खाली ठेवतो.
चादरीवर ठिगळाचा कोंडा पडतो. आई तो टिपून मोगऱ्याच्या कुंडीत टाकते. चिडलो तिच्यावर. "केरात टाकू का त्याला?" म्हणाली. नाशिक फाट्यावर ट्रकने त्याची सायकल उडवली, तेव्हा त्याचं तोंड तिला दाखवलं नाही आम्ही. दाखवण्यासारखं नव्हतं. ते तिने अजून मनातून काढलेलं नाही.

२ फेब्रु.
भोंगा झाला की ठिगळ खाजतं. त्याच वेळेला तो सायकल काढायचा. हे कुणाला सांगायची सोय नाही.

११ मार्च
पुण्याला डॉक्टरांकडे. रागावले, इतके महिने काय करत होतात? मग कागदावर चित्र काढून दाखवलं. कातडीच्या तळाशी पेशी सतत नव्या होतात, वर सरकतात, मरतात, झडून जातात. जखम झाली की कडेच्या पेशींना निरोप मिळतो, वाढा. कडेला कड भिडली की दुसरा निरोप, आता थांबा. "तुमच्या इथे थांबायचा निरोप कुणी ऐकत नाहीये, असं वाटतं."
विचारलं, निरोप देतं कोण?
"तेच शोधतायत अजून. शेजारच्या पेशींचंच काहीतरी असावं."
तपासायला तुकडा काढला. बसमध्ये हाच विचार. म्हणजे त्याचं कातडं आजही झडतंय आणि पुन्हा नवं होतंय. तो जाऊन दीड वर्ष झालं. त्याच्या कातडीला हे कळवलंय कुणी? भीती वाटली. बरंही वाटलं. दोन्ही खरं.

२५ मार्च
रिपोर्ट वाईट. पूर्ण ठिगळ काढावं लागेल, कडेचं माझंही थोडं. उशीर केला तर हात जाईल, पुढे जीवही. माझी मांडी तेव्हा वरवरच भाजली होती, ती आता भरून आलीय, तिथून माझं माझ्यालाच लावतील.
विचारलं, बिघडलेलं कुणाचं आहे? त्याचं की माझं?
डॉक्टर म्हणाले, "काचेखाली तुम्ही दोघे एकच दिसता. सांगता येणार नाही."

२६ मार्च
आईला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "बिघडलंय ते तुझं आसंल. त्याचं न्हाई बिघडायचं."
आयुष्यात एवढं लागलं नव्हतं काही. भाजलो तेव्हाही नाही. मी पण तुझाच ना गं आई? हे फक्त इथे लिहितोय.

२९ मार्च
आज डबा भरताना आपणहून म्हणाली, "तू जगला पायजेस. मला कळतंय. पर त्याला दुसऱ्यांदा मी कशी जाऊ दिऊ?" आणि रडली. तो गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. मलाही आवरेना. कामावर गेलो नाही.

२ एप्रिल
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय. आई सोबत आली, मी नको म्हणत होतो तरी. धुतलेलं लुगडं नेसलीये, लग्नाकार्याला नेसते तसं. डावा हात तिने आपल्या मांडीवर घेतलाय. पट्टीच्या बाजूने सारखी बोटं फिरवते.
सही अजून केलेली नाही. कागद इथेच बाजूला आहे.
नर्सने माझं नाव पुकारलं. मी उठतोय तर आई हात सोडत नाही. म्हणते, "थांब वाईच. त्याला अजून कुणी सांगितलं न्हाई. मला सांगू दे." आणि हाताशी वाकून हळू काहीतरी बोलतेय. मला ऐकू येत नाही. नर्सने दुसऱ्यांदा पुकारलं.