रुसव्याचं मोजमाप

आई, तुझी परीक्षा घेतली त्या दिवशी तू ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होतीस. मोबाइलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागायचं, त्या काळातली गोष्ट. मी कल्याणच्या कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करत होते. नवं काही सुचणं आणि माणसाचा स्वभाव यांचा संबंध काय, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. मुरबाडच्या आपल्या भागात हळदीला तुझ्याशिवाय पान हलायचं नाही. वरपक्षाच्या बायांना चिडवणारी गाणी तू उभ्या उभ्या रचायचीस. चाचणीत तू वरच येणार, असं मी धरूनच चालले होते. तू मात्र घाबरलेली. "मी कदी शाळंत बसली नाय. पास होईन ना गो?"

मी घड्याळ लावलं. पहिला प्रश्न, विटेचे वेगवेगळे उपयोग सांगा. तू विचारलंस, "वीट कोनाची?" मी म्हटलं, कोणाचीही. "मंग त्यालाच इचार. दुसऱ्याच्या विटेचं मी काय सांगू?" वेळ संपला. पुढे स्वभावाचे प्रश्न. 'तुम्ही लवकर रागावता का?' याला तू ठणकावून "नाय" म्हणालीस, आणि ओटीवर बाबांना एकदम खोकला आला.

किती मार्क पडले, असं तू विचारलंस. तुला खोटं खपायचं नाही, म्हणून सांगून टाकलं, कमी पडले. तू रुसलीस. भाकऱ्या थापताना काहीतरी पुटपुटायचीस, माझ्या ताटात वाढायचीस, पण माझ्याकडे बघायची नाहीस. असे बरेच दिवस गेले. मग शेजारची हळद आली आणि भर मांडवात तू सुरू केलंस:

"शिकली पोर कल्यानाला, घड्याल बांधलं हाताला,
मापं घेते आयशीची, मीठ नाय कालवनाला!"

मांडव हसून लोळला. मला रडू फुटायचं बाकी होतं. पण भाकऱ्या थापताना तू ओठातल्या ओठात काय पुटपुटत होतीस, ते तेव्हा कळलं. तुझं प्रत्येक चांगलं गाणं असंच कोणावर तरी रुसून झालेलं होतं. कॉलेजातल्या सरांना म्हटलं, रुसवा मोजायला हवा. ते म्हणाले, त्याला चाचणी नाही. प्रकल्पात तुझे मार्क कमीच राहिले.

आता शहापूरला मी तीच चाचणी शिकवते. यंदा तुझ्या माघारी माझ्या मुलीची हळद झाली. बाया म्हणाल्या, "तुज्या आयशीवर एखादं गा गो!" तुझ्यासारखं आपल्याला जमतं का, हे मलाही एकदा बघायचं होतं. राग यावा म्हणून तुझं सगळं आठवून पाहिलं. विहिरीवर चारचौघींत दिलेली थप्पड, माझ्या स्वयंपाकाला ठेवलेली नावं, ते मांडवातलं गाणं सुद्धा. राग काही येईना. तू इथे हवी होतीस, एवढंच मनात येत राहिलं, आणि मी तोंड मिटून बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. बायांना वाटलं, मी रुसले. तसं असतं तर बरं होतं गं. गाणं तरी झालं असतं.